डोळे मिटायचे की नाही?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणी लागली की शाळेचा पट कागदावर तोच राहतो, वर्ग मात्र अर्धा होतो. बाप चिखलणीला, आई रोवणीला. पोरं धाकट्या भावंडांना काखेत घेऊन शाळेत येतात. अशाच एका पावसाळ्यात मी चौथीच्या वर्गाला रोज दहा मिनिटे डोळे मिटून बसवायला लागलो.

कल्पना माझी नव्हे. २०१२ च्या सुमारास राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या मदतीने शाळांमध्ये ‘मित्र उपक्रम’ आणला. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांनी शिकवलेल्या विपश्यनेची पहिली पायरी म्हणजे आनापान, तेच या उपक्रमात मुलांना शिकवतात. करायचे इतकेच की पाठ ताठ ठेवून बसायचे आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. तो लांबवायचा नाही, मोजायचा नाही, मनात कुठले नाव किंवा मूर्ती आणायची नाही. लक्ष निसटले की स्वतःवर न रागावता परत आणायचे. लोक याची प्राणायामाशी गल्लत करतात. तिथे श्वासाला वळण लावायचे असते, इथे तो आहे तसा पाहायचा. नाव-मूर्ती नसल्यामुळे एका सतरंजीवरच्या सगळ्या घरच्या मुलांना ते चालते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीला निम्मी पोरं झोपी जात. पहाटे चारला उठलेल्या पोराला डोळे मिटायला सांगितल्यावर दुसरे काय होणार! खिचडीला फोडणी बसली की उरलेल्यांचे लक्ष तिकडे.

एक मुलगी मात्र डोळे मिटेचना. दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा ओरडलो. ती हळूच म्हणाली, “गुर्जी, डोरे मिटले त भाऊ बोडीकडं जाते ना.”

शाळेमागे बोडी आहे, तेव्हा काठोकाठ भरलेली. तीन वर्षांचा भाऊ व्हरांड्यात खेळत होता. वर्गाला शांत बसायला शिकवणारा मी, आणि वर्गात सगळ्यात सावध तीच होती. दुसऱ्या दिवसापासून तिचा भाऊ माझ्या खुर्चीपाशी बसू लागला आणि डोळे मिटणे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडले. ज्याला झोप येईल त्याला झोपू दिले.

पुढे ब्रिटनमधल्या ‘मिरियाड’ अभ्यासाविषयी वाचले. ८५ शाळा, आठ हजारांवर मुले. निष्कर्ष २०२२ साली आले. सजगतेचे धडे घेतलेल्या मुलांचे मनःस्वास्थ्य इतर मुलांपेक्षा सुधारल्याचे दिसले नाही; बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला होता. वाचून मला नवल वाटले नाही. आमच्या वर्गाचे गुण वाढले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुले भुकेली, जागरणाने शिणलेली असतील तर श्वास पाहून पोट भरत नाही. पण पाढा चुकल्यावर माझा आवाज चढायचा, तो चढण्याआधी आता मला कळतो. कधीकधी.

तो भाऊ यंदा पहिलीत आलाय. दहा मिनिटे एक डोळा उघडाच ठेवतो. मी काही म्हणत नाही.