चेकसम जुळला, पण मूळ पाठ कुणाचा?

मी वाराणसीतून बोलतोय. इथल्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात मराठी वैदिक घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तुमच्यापैकी काहींनी घनपाठ ऐकला असेल. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, असे शब्द उलटसुलट म्हणत पुढे जायचं. एक अक्षर चुकलं तरी लगेच कानाला खटकतं. आपल्या चेकसमचं कामही हेच.

पण गुरूकडून घेतलेला पाठच चुकीचा असेल तर? मग घनपाठात ती चूकसुद्धा बिनचूक म्हटली जाईल!

माझ्याकडून हेच झालं होतं. एका छोट्या दवाखान्यासाठी लिहिलेली इन्स्टॉल स्क्रिप्ट मी परवा पुन्हा वाचली. लायब्ररी डाउनलोड करायची, तिचा चेकसम डाउनलोड करायचा, जुळला की पुढे जायचं. स्क्रीनवर ‘ओके’ दिसलं की मी निवांत. पण दोन्ही गोष्टी एकाच सर्व्हरवरून येत होत्या. तिथे घुसलेला माणूस फाइल बदलेल आणि चेकसम तसाच ठेवेल? रुग्णांची नावं, आजार, सगळं त्याच मशीनवर होतं. काही बिघडलं नाही, ते नशिबाने.

आता मी चेकसम प्रकल्पाच्या लॉकफाइलमध्ये नोंदवतो. नंतर तिकडची फाइल बदलली, तर इन्स्टॉल थांबतं. पहिल्यांदा नोंदवताना मात्र डिजिटल सही तपासतो, आणि सही तपासायची की वेगळ्या ठिकाणाहून घेतो.

एवढ्यानेही सगळं भागत नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करत विश्वास कमावला, आणि मग प्रकाशनाचे अधिकार मिळवले. त्यामुळे सही खरीच होती! चोरदरवाजा जोडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्याने मागोवा घेतला, म्हणून ते उघड झालं.

म्हणून आज एक काम करा. तुमची इन्स्टॉल स्क्रिप्ट उघडा आणि चेकसम कुठून येतो ते बघा. फाइलच्याच सर्व्हरवरून येत असेल, तर फाइल मूळचीच आहे की नाही, हे तुम्ही अजून तपासलेलं नाही.