मुलांच्या हातीं आलेला ढोल



अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलायना वसाहतींत १७३९ सालीं गुलामांनीं बंड केलें, तें ढोल वाजवीत. पुढच्याच वर्षीं कायद्यानें त्यांच्या ढोलांवर बंदी आली. देश गेला, भाषा गेली, वाद्यही गेलें! म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत जें चाललें आहे तें मला केवळ करमणूक वाटत नाहीं. चक डेव्हिस या नर्तकानें १९७७ सालीं तेथें ‘डान्सआफ्रिका’ महोत्सव आरंभिला. त्यासाठीं बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तींतील मुलेंमुली आफ्रिकेचीं नृत्यें शिकतात.

पश्चिम आफ्रिकेचा जेंबे हा एकाच ओंडक्यांतून कोरलेला, बकऱ्याच्या कातड्यानें मढविलेला ढोल; तो उघड्या हातांनीं वाजवितात. त्याच्या तालावर नाचणारा पावलें मोजीत बसत नाहीं. मुख्य वादक मध्येंच एक ठराविक बोल काढतो, आणि त्यासरशी सर्वांचीं पावलें बदलतात. ज्याचें लक्ष नाहीं तो तेवढा मागें राहतो. चौदा वर्षांच्या पोराला ऐकावयास लावणें किती कठीण, हें येथील आईबापांस मीं काय सांगावें?

डेव्हिस सभेस ‘आगो’ अशी हांक देत, म्हणजे लक्ष द्या. सभा ‘आमे’ म्हणून ओ देई. ते २०१७ सालीं निवर्तले. ती हांक मात्र त्या रंगमंचावरून अजून ऐकूं येते.