ऑपरेशनच्या आधीचा घोटभर चहा

पाटोदा, नेकनूर, चौसाळा या बाजूंचे पेशंट ऑपरेशनसाठी बीडला निघाले, की मांजरसुंब्याच्या चौकात गाडी थांबते. सोबतचे चहा घेतात. ‘पहाटेपासून पोटात काही नाही, घोटभर घे,’ म्हणून पेशंटच्याही हातात कप दिला जातो. त्यामागे मायाच असते. पण तो चहा जिवावर बेतू शकतो.

एरवी घास चुकून श्वासनलिकेकडे गेला तर जोराचा ठसका लागतो आणि आपण वाचतो. पूर्ण भूल दिल्यावर हा ठसकाच बंद पडतो. अशा वेळी पोटातलं अन्न आणि आम्ल वर आलं, तर थेट फुप्फुसात उतरतं. बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमधला हा धोका कर्टिस मेंडेलसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९४६ मध्ये सविस्तर मांडला.

म्हणून साधारण नियम असा : हलकं जेवण ६ तास आधी थांबवायचं, तळलेलं किंवा मटण ८ तास आधी. दुधाचा चहा जेवणातच धरायचा. अंगावरचं दूध बाळाला ४ तास आधीपर्यंत चालतं, साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना रात्रभर तहानलेलं ठेवू नका. पाणी कधीपर्यंत द्यायचं ते विचारून घ्या. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असली, तरी उपाशी राहावंच लागतं, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर घसरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल काही दिवस आधीच सांगा. दमा, आधीच्या भुलीचा त्रास, हलणारा दात, कवळी, काहीही लपवू नका. आणि माय-बहिणींनो, मिसरीही तंबाखूच आहे. ‘व्यसन नाही’ म्हणताना ती विसरू नका.

भूलतज्ज्ञ हे सारं विचारतात, कारण औषधाचा प्रकार आणि मात्रा त्यावरच ठरते. चहा घेतला असेल, तर तसं सांगा. थांबता येण्यासारखं ऑपरेशन काही तास पुढे जाईल. तातडीचं असेल, तर भूल देण्याची पद्धत बदलता येईल. खरं कळलं तरच हे शक्य आहे. ऑपरेशनला झालेला उशीर भरून काढता येतो, फुप्फुसाला झालेली इजा नेहमीच भरून येते असं नाही.