माईकची घरघर आणि अर्थिंगची पिन

(सभासद व विद्यार्थी यांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या मंडळाचा कोणताही कार्यक्रम माईकशिवाय होत नाही. जयंती असो, गुणवंतांचा सत्कार असो की शोकसभा. वक्ता कोण आणि हार कोणी घालायचा यावर आपण दोन-दोन बैठका घेतो. वायर कुठून ओढायची हा विचार मात्र कार्यक्रमाआधी अर्धा तास सुचतो. मग शोकसभेत सारे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात आणि त्या शांततेत भोंग्याची 'घूंऽऽ' तेवढी ऐकू येते.

व्यासपीठामागे वायरी ओढणारे आम्ही कार्यकर्ते काही इंजिनिअर नव्हे. बँकेत व्हाउचरे तपासणारी आमच्यासारखी कला शाखेची माणसेच त्यात जास्त. परंतु ही घरघर का होते हे समजायला पदवी लागत नाही.

आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारी. घरघर बहुधा तिचीच असते. ॲम्प्लिफायर व्यासपीठाजवळच्या बोर्डावर लावला आणि मिक्सर सभागृहाच्या मागच्या बोर्डावर, तर दोघांनाही अर्थिंग मिळते, पण दोन्ही ठिकाणची अर्थिंग अगदी समान पातळीवर नसते. तो किंचित फरक भरून काढायला माईकच्या केबलवरील जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि भोंग्यातून ऐकू येतो.

अशा वेळी कोणीतरी अनुभवी गृहस्थ पुढे येतात आणि म्हणतात, "प्लगची मोठी पिन काढा, आवाज जातो." आवाज खरोखरच जातो, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. ती वरची पिन जाड आणि लांब का केली आहे, हे पाहा. प्लग बसवताना अर्थ सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी. ती कापली आणि आत एखादी जिवंत वायर सुटून पेटीला टेकली, तर फ्यूज उडत नाही, आवाजही उत्तम येत राहतो. मात्र पेटी, तिला जोडलेली केबलची जाळी आणि जाळीला जोडलेली माईकची धातूची मूठ, सर्वांत वीज उतरू शकते. वक्त्याचा एक हात माईकवर आणि दुसरा लोखंडी कठड्यावर गेला की संपले.

हे घडलेले आहे. १९७२ च्या मे महिन्यात ब्रिटनमधील स्वॉन्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मरण पावला.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह ०.२३ ॲम्पिअर येतो. माणूस मरायला तो पुरेसा आहे, पण ६ ॲम्पिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. हवा. तो गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून पाहतो आणि फरक पडला की वीज तोडतो. दिवसाच्या शेवटी रोकड जुळवणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटू नये! आमच्या मते मंडळाने नव्या भोंग्याआधी हा घ्यावा.

मग घरघर घालवायची कशी? ॲम्प्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप या सर्वांना वीज एकाच बोर्डावरून द्यावी. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर वाट तिकडूनच आहे, आणि मग मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. तो ध्वनीच्या केबलमधील जोड तोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. माईकची केबल तीन पिनांची, 'बॅलन्स्ड' घ्यावी. तिच्या दोन तारांत ध्वनी परस्परविरुद्ध असतो, बाहेरचा गोंगाट मात्र दोन्हींवर सारखाच बसतो, आणि पुढे दोन्हींतील फरक घेतला की तो कटतो. विजेच्या वायरीसोबत ही केबल बांधू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात. रोषणाईच्या माळा आणि डिमर दुसऱ्या बोर्डावर. खिशातला मोबाइल माईकजवळ 'टिकटिक' करतो, तो दूर ठेवावा. शिटी वाजते तो निराळा प्रकार. भोंगा माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवला की बहुतेक वेळा थांबते.

मोठ्या ॲम्प्लिफायरमागे भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइन असते. तिचे सांधे उघडे ठेवून वर सतरंजी टाकू नये. तेथे मुले अनवाणी बसतात. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली वायर तापते. मंडपात जनरेटर असेल तर त्याची अर्थिंगची सळई खरोखर जमिनीत गेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

आणि सुरू करताना मिक्सर आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. नाहीतर भोंग्यातून 'धप्प' होते आणि पुढच्या रांगेतली लहान मुले दचकून रडू लागतात.