दोन संगणकांमधली थेट खासगी वाट

घरातल्या संगणकाला इंटरनेटवर स्वतःचा असा पत्ता अनेकदा नसतो. इंटरनेटवरचे पत्ते ठरवणाऱ्या ‘आयपी’ या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि उपकरणे त्याहून कितीतरी जास्त. म्हणून घरात १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरले जातात. माहितीचे पॅकेट बाहेर पडताना राउटर त्यावर आपला सार्वजनिक पत्ता घालतो. या पत्ताबदलाला ‘नॅट’ म्हणतात. बाहेर गेलेल्या पॅकेटची राउटर नोंद ठेवतो आणि त्याचे उत्तर आत सोडतो. न मागता आलेले पॅकेट मात्र टाकून देतो.

अडचण इथेच आहे. एकमेकांशी बोलू पाहणारे दोन्ही संगणक नॅटमागे असले, तर पहिली हाक कोणाचीच पोचत नाही. जुन्या पद्धतीच्या व्हीपीएनमध्ये (आभासी खासगी जाळ्यात) म्हणून सगळी रहदारी मधल्या सर्व्हरवरून जाते. शेजारच्या इमारतीत पाठवलेली फाइलही दूरच्या शहराला वळसा घालून येते.

पीअर-टू-पीअर, म्हणजे संगणकांना थेट जोडणाऱ्या, जाळ्यात मधला सर्व्हर फक्त ओळख करून देतो. बाहेरून दिसणारा एकाचा पत्ता आणि पोर्ट तो दुसऱ्याला कळवतो. मग दोघेही जवळपास एकाच वेळी एकमेकांकडे यूडीपी पॅकेट पाठवतात. पहिले पॅकेट समोरच्या राउटरने टाकून दिले तरी चालते; पाठवणाऱ्याच्या राउटरमध्ये नोंद झालेली असते. त्यामुळे पलीकडून येणारे पॅकेट त्याला उत्तरच वाटते आणि तो ते आत घेतो. ही युक्ती फार सुंदर आहे: राउटरची एकही सेटिंग न बदलता वाट मोकळी होते. नोंद पुसली जाऊ नये म्हणून अधूनमधून रिकामे पॅकेट पाठवत राहावे लागते. काही राउटर मात्र प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात. तिथे ही युक्ती बहुधा फसते आणि रहदारी मधल्या सर्व्हरवरूनच न्यावी लागते.

वाट खासगी होते ती किल्ल्यांमुळे. त्या वापरणारा जेसन डोनेनफेल्ड यांचा वायरगार्ड हा व्हीपीएन २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. त्याचा कोड जेमतेम ४,००० ओळींचा आहे. तपासणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण. प्रत्येक संगणकाकडे गुप्त आणि जाहीर अशी किल्ल्यांची जोडी असते. पॅकेट या किल्ल्यांच्या आधारे कुलूपबंद होते. गुप्त किल्ली संगणकाबाहेर जात नाही, त्यामुळे मधल्या सर्व्हरला पॅकेट पुढे ढकलता येते, पण वाचता येत नाही.

जाहीर किल्ल्या वाटणाऱ्या सर्व्हरवर मात्र विश्वास ठेवावा लागतो. त्याने खोटी किल्ली घुसवली, तर परका संगणक जाळ्यात शिरेल. यासाठी वायरगार्डवर उभारलेल्या टेलस्केल या सेवेत एक सोय आहे: नव्या किल्लीवर जाळ्यातल्याच एखाद्या विश्वासू संगणकाची डिजिटल सही नसेल, तर बाकीचे संगणक ती किल्ली स्वीकारत नाहीत.