तळपायावरचा काळा डाग


न्हावरे, शिरूर, दौंडच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,
आज जरा तळपायाकडे पाहूया.

उसाला पाणी देताना काटा रुततो,
कुरूप होतं.
ते आपल्या सवयीचं.
पण तळपायावर काळा डाग उठला,
तो पसरू लागला,
किंवा नखाखालची काळी रेघ रुंदावत गेली,
तर अंगावर काढू नका.

तो मेलानोमा असू शकतो.
हा त्वचेचा दुर्मीळ कर्करोग.
सावळ्या माणसांत तो बहुधा
तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो.
तो दुखेलच असं नाही.
गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या बोटाला झाला.
१९८१ साली त्यातच ते गेले.

अशा डागावर बिब्बा लावू नका.
ब्लेडनं कापू नका.
त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.
ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात.
यालाच बायोप्सी म्हणतात.

निदान लवकर झालं,
तर डाग भोवतालच्या कातडीसह काढतात.
अनेकदा तेवढं पुरतं.
उशीर झाला,
तर रोग जांघेतल्या गाठींत पोचू शकतो.
मग उपचार लांबतात.

उपचारांसाठी पुण्यात ससून,
मुंबईत टाटा रुग्णालय आहे.

पुन्हा सांगते,
काळा डाग बदलतोय?
जखम भरत नाही?
दुखत नसलं, तरी डॉक्टरांना दाखवा.