ए शून्य नसेल तर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज शीळफाट्यावर पाऊण तास अडकलो, म्हणून उशीर झाला. हेच कारण शाळेतही द्यायचो, आणि तेव्हाही ते बहुतेक वेळा खरं असायचं.

सकाळपासून अनेकांनी विचारलं, तू नक्की करतोस काय? फाट्यावरून डोंगर ओलांडला की महापे. तिथल्या एका कंपनीत वेबसाइट बनवून क्लाउडवर चढवायचं काम करतो. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, दुसऱ्याचे संगणक भाड्याने घ्यायचे.

या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आम्ही सगळं नव्याने लिहीत नाही. प्रत्येकाकडे जुन्या तुकड्यांची एक फाइल असते. त्यांना स्निपेट म्हणतात. लॉगिनचा फॉर्म, ई-मेल तपासणारी ओळ, सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवणारी स्क्रिप्ट. उचलायचं, चिकटवायचं, नावं बदलायची. थोरल्या भावाची वही धाकट्याला मिळायची, तसंच, वहीतल्या चुकांसकट. कुणाच्या तरी तुकड्यात सर्व्हरची जागा व्हर्जिनिया लिहिलेली असते. ती बदलायची राहिली की गिऱ्हाईक डोंबिवलीत आणि सर्व्हर अमेरिकेत! अ‍ॅमेझॉनने तर जून २०१६ मध्येच मुंबईत सोय केली आहे.

त्याच वर्षी, २२ मार्चला, लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने एनपीएम या सामायिक भांडारातून काढून घेतला. काम एवढंच, की शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या. पण जगभरातल्या हजारो प्रकल्पांची बांधणी थांबली. अनेकांना आपण तो वापरतो हेही ठाऊक नव्हतं. काही तासांत तो परत ठेवावा लागला.

माझी गोष्ट याहून लहान आहे, आणि ती आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. पूर्वीच्या एका नोकरीत मी नवी आवृत्ती चढवायची स्क्रिप्ट लिहिली होती. आधी एका फोल्डरमधलं जुनं सगळं पुसायचं, मग नवं ठेवायचं. फोल्डरचं नाव बाहेरून द्यायचं. ते कुणी दिलंच नाही तर? मग आज्ञेचा अर्थ होतो, मुळापासून सगळं पुसा. मला हे माहीत होतं. मी कधी नाव विसरलो नाही, म्हणून कुठे लिहून ठेवलं नाही, एवढंच.

हाताखालच्या एका मुलाने ती स्क्रिप्ट उचलली. एका रात्री नाव द्यायचं राहिलं. ग्राहकांनी चढवलेले फोटो, कागदपत्रं, सगळं गेलं. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा होता. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांनी त्याला धरलं. मी शेजारीच बसलो होतो. गप्प बसलो. महिनाभरात त्याने नोकरी सोडली.

गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, वर्गसमीकरणाचं सूत्र लिहिताना ‘ए शून्य नसेल तर’ हे राहिलं की तुम्ही अर्धा गुण कापायचात. आम्ही तुम्हाला कंजूष म्हणायचो. त्या स्क्रिप्टमध्ये तेवढंच राहिलं होतं. वर एक ओळ टाकली असती, ‘सेट -यू’, तर नाव नसताना स्क्रिप्ट जागीच थांबली असती.

आता माझ्या फाइलमधल्या प्रत्येक तुकड्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कुणी लिहिला, कशासाठी, आणि कुठे चालत नाही. तिसरी लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

गेल्या वर्षी त्या मुलाचा नंबर शोधून फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सर, मला तेव्हाच माहीत होतं. फाइलच्या वर तुमचंच नाव होतं.” मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, “तुम्ही बोलाल असं वाटलं.”

थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग त्याने ती सुधारलेली फाइल मागितली. त्याच रात्री पाठवली.

कुणाची मुलं या क्षेत्रात येत असतील तर त्यांनाही देईन. जेवण थंड होतंय, असं मागून खुणावताहेत. थांबतो.